पासष्ट मैलांवरची थरथर

जमिनीला टेकेल इतकं खाली बसवलेलं जुनं शेव्हरोले पिकअप डेट्रॉइटच्या आसपास उन्हाळाभर रस्त्यावर दिसतं. हा छंद मुळात दक्षिण कॅलिफोर्नियाकडून पसरलेला. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा जो मोठा मेळा भरतो, त्यातही अशी पिकअप हमखास भेटतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमामुळे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. पण डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत. तिथल्याच एका बहीण-भावाचं बोलणं इथे मांडतो आहे. ही भावंडं माझ्या कल्पनेतली आहेत, त्यांचा वाद मात्र कुठल्याही गॅरेजात ऐकू येणारा आहे.

गाडी 1996 सालची सी-1500, लहान केबिन, आखूड हौदा. मागच्या धुरीचं प्रमाण 3.73, गिअरबॉक्स चार गतींचा ऑटोमॅटिक. वैशाली मोटारींच्या आवाज आणि कंपनांवर काम करणारी इंजिनिअर. धाकटा महेश गिअरबॉक्स खोलून बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि गाडी त्याची आहे.

महेश : ताई, यात शोधायचं काय आहे? किट बसवायच्या आधी गाडी एकदम शांत चालायची. शनिवारी किट बसवलं, सोमवारी कामावर निघालो तर साठ मैलांच्या पुढे थरथर सुरू. 65 ला सगळ्यात जास्त. जे बदललं तिथेच बिघाड असणार ना? पाचरी मागवतो, पिनियनचा कोन फिरवतो, संपलं.

वैशाली : शनिवारी काय काय बदललंस ते आधी सांग.

महेश : पुढे ड्रॉप स्पिंडल आणि आखूड स्प्रिंगा, मिळून चार इंच खाली. मागे फ्लिप किट, सहा इंच. फ्रेमला सी-नॉच.

वैशाली : आणि ही वीस इंची रिम?

महेश : तीही त्याच दिवशी. रिम जुनी घेतली, टायर कोरे. पण बॅलन्सिंग करूनच आणलीत.

वैशाली : म्हणजे एका दिवसात तू पुढचं सस्पेन्शन बदललंस, मागची धुरी हलवलीस, रिम बदलली आणि टायर बदलले. आता म्हणतोस, जे बदललं तिथे बघ. बघायचं कुठे? गाडीच्या इतिहासाने तुला चार नावं दिली आणि तू त्यातलं आवडीचं उचललंस.

फ्लिप किट म्हणजे काय ते इथेच सांगायला हवं. या पिकअपला मागे पाटे असतात आणि मूळ रचनेत धुरी पाट्यांच्या खाली बांधलेली असते. फ्लिप किटमध्ये ती पाट्यांच्या वर नेतात. एका फटक्यात गाडी सहा इंच खाली येते. मग गचका बसला की धुरी फ्रेमवर आदळेल, म्हणून फ्रेमला वरच्या बाजूला जागा कापून तिथे सी आकाराचा मजबूत तुकडा बसवतात, तो सी-नॉच. एवढं केल्यावर गिअरबॉक्सपासून धुरीतल्या पिनियन नावाच्या दांड्यापर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, जो आधी मागे उतरत होता, तो जवळजवळ आडवा होतो. म्हणून खाली बसवलेली गाडी थरथरली की जो तो शाफ्टच्या कोनाकडेच बोट दाखवतो, धुरी आणि पाट्यांमध्ये पाचरी घालून तो कोन फिरवायला निघतो, आणि तो संशय उगाच नाही. मला खटकतं ते एवढंच, की संशय आला की माणसं तपास थांबवतात.

वैशाली : थरथर सेकंदाला किती वेळा होते ते फोनवर मोज. गाडीत फिरणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीचा वेग वेगळा. ज्या वेगाने थरथर येते, त्या वेगाने फिरणारी वस्तू गुन्हेगार.

महेश : हिशोब करून दाखव.

वैशाली : तुझा टायर 275/45, वीस इंची. व्यास साधारण 755 मिलिमीटर. वजनाखाली थोडा दबतो, म्हणून एका फेऱ्यात 2.3 मीटर धर. 65 मैल म्हणजे सेकंदाला 29 मीटर. टायर सेकंदाला 12.6 फेरे मारतो. म्हणजे 12.6 हर्ट्झ. शाफ्ट त्याच्या 3.73 पट, म्हणजे 47. शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, बिघडलेल्या कोनात असतील तर ते एका फेऱ्यात दोनदा झटका देतात, म्हणजे 94. इंजिन चौथ्या गतीत शाफ्टच्या 0.7 पट, 33 हर्ट्झ, दोन हजार आरपीएमच्या जरा खाली. बारा, तेहतीस, सत्तेचाळीस, चौऱ्याण्णव. यांत गल्लत होऊच शकत नाही.

महेश : इंजिनाचा प्रश्न मी तुझ्या फोनशिवाय सोडवतो. 65 लाच ओव्हरड्राइव्ह काढून तिसरी गती टाकायची. इंजिन 2800 वर जातं, चाकं तिथेच. थरथर बदलली नाही तर इंजिन सुटलं.

वैशाली : बरोबर. पण तिसऱ्या गतीत गिअरबॉक्सचं प्रमाण एकास एक असतं. तेव्हा इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, दोघांची थरथर एकाच जागी दिसते. म्हणून इंजिन सोडून द्यायला तिसरी चालेल, शाफ्ट पकडायचा तर चौथीतच मोज.

एम-14 महामार्गावर दोघं निघाले. महेश गाडी चालवत होता, वैशालीने फोन सीटच्या लोखंडी पट्टीला पक्का बांधला होता. फोन हातात धरून काही कळत नाही. हातच निम्मी थरथर गिळून टाकतो. पडद्यावर 12.6 च्या आसपास उंच सुळका आला. 33 ला काही नाही. तिसरी गती टाकली तरी सुळका जागेवरच.

वैशाली : घे. टायर किंवा रिम. स्टिअरिंग शांत आहे आणि सीट हलते, म्हणजे मागचं चाक असणार. तुझ्या पाचरी राहू देत.

महेश : आणि हा घुमणारा आवाज? पायाखालची पत्र्याची भणभण? ती तुझ्या पडद्यावर कुठे आहे?

वैशाली : इथे सहा हर्ट्झला एक छोटा सुळका आहे. तो रस्त्याचा असेल, काँक्रीटच्या सांध्यांचा.

महेश : आत्ता आपण डांबरावर आहोत ताई. आणि सहा म्हणजे गाडी डोलल्यासारखी वाटेल. मला डोलणं जाणवत नाहीये, घुमतंय. ॲक्सिलरेटर सोडतो, ऐक. बदललं? परत दाबतो. परत आलं. टायरला माझ्या पायाशी काय देणं-घेणं?

माझ्या मते या वादातली सगळ्यात मोलाची जागा हीच आहे, कारण मोजमाप करणारी बहीण इथे मोजमापामुळेच चुकली असती. अनेक फोनांवरची ॲप कंपनाची नोंद सेकंदाला शंभरदा घेतात. शंभरदा बघणाऱ्याला पन्नास हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. त्याच्या वरचं कंपन नाहीसं होत नाही, ते खाली दुमडून चुकीच्या जागी उगवतं. चौऱ्याण्णवाचं कंपन शंभराने पाहिलं तर ते सहा म्हणून दिसतं. वैशालीच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि महेशच्या कानाने तिला त्याची आठवण करून दिली. तिने दुसऱ्या दिवशी कामावरचा तारेचा सेन्सर आणला, जो सेकंदाला हजारांनी नोंदी घेतो. तो गिअरबॉक्सच्या मागच्या आडव्या पट्टीवर लावला. सहा नाहीसा झाला, 94 ला सुळका उभा राहिला, आणि महेशने पाय उचलला की तो खाली यायचा.

महेश : आता बोल.

वैशाली : आता दोन रोग आहेत असं बोलते. एक चाकात, एक शाफ्टच्या सांध्यांत. तू पाचरी टाकून मोकळा झाला असतास तर निम्मी थरथर तशीच राहिली असती, आणि मग पाचरी चुकीच्या होत्या असं समजून तू त्या काढल्याही असत्यास.

दोन दोष एकत्र असले की माणसाची सगळ्यात जास्त फसगत होते. बरोबर उपाय केला तरी गुण येत नाही, म्हणून तो उपायच टाकून दिला जातो. खाली बसवलेल्या गाड्यांत असं वरचेवर घडतं, कारण एका सुट्टीत सगळं बदलायची घाई असते.

चाकाचं आधी सांगून टाकतो. रिम जुनी, दुसऱ्याच कुठल्या गाडीसाठी घेतलेली, आणि तिचं मधलं भोक या गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं. मधली फट भरणारी कडी आलीच नव्हती. बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिम तिच्या मधल्या भोकावरून शंकूने केंद्रात बसते. गाडीवर ती फक्त निमुळत्या नटांवरून बसली होती, आणि महेशने नट गाडी जमिनीवर टेकलेली असताना एअर गनने आवळले होते. गाडीच्या वजनाने हब रिमच्या भोकात थोडा खाली सरकला आणि चाक तसंच आवळलं गेलं. डायल गेज लावला तेव्हा मागच्या डाव्या चाकावर वरखाली दीड मिलिमीटर फरक आला, म्हणजे केंद्र पाऊण मिलिमीटर सरकलेलं.

महेश : पाऊण मिलिमीटरने एवढं? रिमवर शिशाचं एक वजन कमी-जास्त झालं असेल असं मला वाटत होतं.

वैशाली : शिशाचं 28 ग्रॅमचं वजन रिमच्या काठावर चुकलं तर 65 मैलांना साधारण 45 न्यूटनचा हिसका देतं. अशा टायरला एक मिलिमीटर दाबायला मात्र दोनशे न्यूटनच्या वर जोर लागतो. म्हणजे पाऊण मिलिमीटर सरकलेलं चाक दीडशेचा हिसका देतं, सेकंदाला बारा-तेरा वेळा. बॅलन्सिंग कितीही नेमकं असू दे, तो भाग तिथे मोजलाच जात नाही.

महेश : मग पासष्टलाच का? सत्तरला का वाढत नाही? हिसका तर वेगाबरोबर वाढायला हवा.

वैशाली : कारण धुरी, चाकं आणि टायर यांचा मिळून स्वतःचा एक झोका आहे, टायरच्या आणि पाट्यांच्या लवचिकतेवरचा. साधारण 10 ते 15 हर्ट्झमध्ये येतो. साठ-सत्तर मैलांना टायरचे फेरे नेमके तिथेच पोचतात, म्हणून थरथर फुगते. वेग आणखी वाढवला की ती जागा मागे पडते. म्हणूनच वेगवेगळ्या गाड्यांचे मालक हाच वेग सांगतात. वेगाच्या आकड्यावरून रोग ओळखू नये, तो फक्त कुठे फुगतो ते सांगतो.

मागची दोन्ही चाकं उचलून नट सैल केले, कडी बसवली, चाक हवेत असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. साडेबाराचा सुळका बसला. टायर कोरे असल्यामुळे आणखी काही बघायची गरज पडली नाही. जुने असते तर खाली बसवल्यामुळे आतल्या कडा झिजून खड्डे पडले आहेत का तेही पाहावं लागलं असतं, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी होती का तेही विचारावं लागलं असतं. उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि काही मैल तापल्याशिवाय गोल होत नाहीत.

उरला 94 चा सुळका.

महेश : आता पिनियनच ना? की अजून काही मोजायचंय?

वैशाली : कोन मोजू. गाडी लिफ्टवर घेऊया, नीट दिसेल.

महेश : लिफ्टवर? ताई, दोन खांबी लिफ्ट फ्रेमला धरून उचलते. चाकं लटकली की धुरी खाली पडते, शाफ्ट तिरका होतो. तू जे मोजशील ते उडी मारलेल्या गाडीचं असेल. गाडी तिच्या चाकांवर, तिच्या वजनावर उभी हवी. टाकी अर्धी भरलेली, रोज जेवढं सामान असतं तेवढं हौद्यात. आपल्याकडे गॅरेजमध्ये खड्डा असतो ना, त्यात उतरून बघतात, तसंच. इथे खड्डा नाही, म्हणून चारही चाकं रॅम्पवर चढवू.

वैशाली : हे मान्य.

महेश : आणि इंजिन चालू करून मागची चाकं हवेत फिरवायची, शाफ्ट बघायचा, असं कुणी सुचवलं तर नको म्हण. लटकत्या धुरीवर क्रॉस नको त्या कोनात फिरतात, आणि शाफ्ट सुटला तर खाली असलेला माणूस वाचत नाही.

रॅम्पवर घेतल्यावर चुंबकाचा डिजिटल कोनमापक लावला. गिअरबॉक्सचा मागचा दांडा मागच्या बाजूला 4 अंश उतरता. शाफ्ट जवळजवळ शून्य, अगदी आडवा. पिनियनही शून्य.

महेश : बघ, किती सरळ आहे. शाफ्ट आणि पिनियन एका रेषेत. हे मी मुद्दाम केलं होतं, धुरीचे नवे पाये बसवताना. माझा जीपवाला मित्र आहे, त्याने सांगितलं होतं की पिनियन शाफ्टकडे रोखून ठेव.

वैशाली : त्याच्या जीपसाठी ते बरोबर आहे. त्याच्या शाफ्टला पुढच्या टोकाला दुहेरी क्रॉस असतो, आणि तो स्वतःची लय स्वतःच सुधारतो. तुझ्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस. सरळ रेषा इथे रोग आहे.

इथे जरा थांबतो. अख्ख्या प्रकरणातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही आहे, आणि ती साडेतीनशे वर्षं जुनी आहे. क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कार्दानो या सोळाव्या शतकातल्या इटालियन विद्वानाच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने 1676 साली त्याचं वर्णन छापलं, म्हणून त्याला हूकचाही सांधा म्हणतात. त्याचा गुण असा की दांडा तिरका असला तरी फेरा पुढे जातो. पण फेरा सारख्या गतीने जात नाही. येणारा दांडा संथ फिरत असला तरी जाणारा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन 4 अंश असेल तर हा चढउतार फक्त 0.24 टक्के असतो. ऐकायला काहीच नाही. पण शाफ्ट सेकंदाला 47 फेरे मारत असतो, त्यामुळे हा एवढासा चढउतार सेकंदाला 94 वेळा होतो, आणि शाफ्टला दर वेळी वेग वाढवून परत कमी करावा लागतो. प्रवेगाचा आकडा प्रति सेकंद वर्गाला चारशे रेडियनच्या पुढे जातो. शाफ्ट बनवणारे साधारण तीनशेच्या आत राहायला सांगतात. कोन दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो, आणि वेग दुप्पट झाला तरीही चौपट. गावातल्या वेगात काही जाणवत नाही ते याचमुळे.

यावरची तोड मात्र साधी आहे. पुढच्या क्रॉसने जेवढी गती बिघडवली, तेवढीच मागच्या क्रॉसने उलटी बिघडवायची. त्यासाठी दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एकाच पातळीत बसवलेले हवेत. म्हणजे गिअरबॉक्सचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर असावेत. मधला शाफ्ट तिरका असला तरी बिघडत नाही. महेशच्या गाडीत पुढचा कोन 4 आणि मागचा शून्य होता. पुढच्याने केलेली गडबड निस्तरायला मागे कुणी नव्हतंच. शिवाय शून्य कोनात क्रॉसच्या सुईसारख्या बेअरिंग जागच्या जागी राहतात, फिरत नाहीत, आणि त्याच ठिकाणी खाचा पाडतात. म्हणून अर्धा-एक अंश तरी कोन हवाच.

महेश : म्हणजे गाडी खाली बसवल्यामुळे हे झालेलं नाही?

वैशाली : नुसत्या खाली बसवण्याने नाही. धुरी समांतर वर गेली असती तर दोन्ही कोन सारखेच बदलले असते आणि एकमेकांना खोडत राहिले असते. तुझा आवाज आला तो धुरी फिरली म्हणून.

महेश : पण फिरली ती मी किट बसवताना फिरवली म्हणून! इतिहास माझ्याच बाजूने आहे ताई. तुझ्या सेन्सरने शाफ्ट दाखवला, कारण नाही दाखवलं. कारण मला माहीत होतं.

वैशाली : तुला माहीत होतं, पण तू ते चांगलं काम म्हणून सांगत होतास.

मला इथे दोघांचंही पटतं, पण सारख्या वजनाने नाही. वारंवारतेने संशयितांची यादी चारावरून दोनावर आणली, आणि ते काम दुसऱ्या कशानेही तितक्या लवकर झालं नसतं. पण कोन का बिघडला, मोजमाप कुठल्या स्थितीत घ्यायचं, सहाचा सुळका खोटा का आहे, हे गाडीवर हात काळे केलेल्या माणसाकडूनच कळलं. सेन्सर विकत मिळतो. पाय उचलल्यावर आवाज बदलला हे ज्याला जाणवतं तो माणूस विकत मिळत नाही, आणि छोट्या वर्कशॉपमध्ये अशा माणसांचं म्हणणं लिहून ठेवायची पद्धत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग पाचर किती अंशांची, यावर दोघं अडले.

वैशाली : गणित सोपं आहे. समांतर हवं, म्हणून पिनियनचं नाक 4 अंश वर.

महेश : 4 नको. ॲक्सिलरेटर दाबला की पाट्यांना पीळ बसतो आणि पिनियनचं नाक आपणहून वर उठतं. उभ्या गाडीत 4 दिलेस तर जोरात निघताना 6 होईल. लोक म्हणूनच एक-दोन अंश खाली ठेवतात. 2 ची पाचर टाकतो.

वैशाली : तू सिग्नलवरून सुटताना किती वेळ जोर लावतोस? पाच सेकंद. आणि 65 ला किती वेळ असतोस? रोज तासभर. सपाट रस्त्यावर 65 ला धरून ठेवायला जोर थोडाच लागतो, पीळ अर्धा-एक अंश. आवाज तिथे आहे, तर कोन तिथला धरून लाव. 3 ची पाचर.

महेश : आणि पिनियन वर उचललं की शाफ्टचं मागचं टोकही वर येतं, ते धरलंस का?

वैशाली : धरलं. धुरीपासून क्रॉस फूटभर पुढे आहे. 3 अंश फिरवलं तर टोक दीड सेंटिमीटर वर, शाफ्ट साधारण अर्धा-पाऊण अंश मागे चढता. पुढचा कोन साडेचार आणि वर, मागचा साडेतीन आणि वर. दोन्ही सारखेच वाढले. उरतो फरक एकच अंशाचा, तोच तुझ्या पिळासाठी.

महेश : साडेचार जरा जास्त नाही? तीनच्या आत ठेवतात ना?

वैशाली : उंच वेगाच्या शाफ्टला. तुझा शाफ्ट तीन हजारांच्या आत फिरतो, तिथे पाचपर्यंत चालतं, दोन्ही सारखे असले तर. कमी करायचं असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या रबराखाली पाव इंचाची पट्टी टाक. मागचं टोक वर गेलं की दांड्याचा उतार अर्ध्या अंशाच्या आसपास कमी होतो, पुढचा कोनही तेवढाच.

महेश : पट्टी नंतर. एका वेळी एकच बदल, हे तूच शिकवलंस आत्ता.

3 अंशांच्या पोलादी पाचरी मागवायचं ठरलं. ॲल्युमिनियमच्या स्वस्त मिळतात, पण पाट्यांच्या दाबाखाली त्या चुरतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. जाड बाजू कुठे ठेवायची हे महेशने धुरीवर खडूने लिहून ठेवलं, कारण पाचर उलटी बसली की कोन दुसऱ्या बाजूला तेवढाच बिघडतो. यू-बोल्ट नवे घ्यायचे, काही मैल चालवून परत आवळायचे. मग गाडी त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, चौथ्या गतीत 65 ला न्यायची आणि 94 चा सुळका आधी किती उंच होता त्याच्या शेजारी नवा आकडा लिहायचा. तो निम्म्याहून खाली आला नाही तर पुढची पायरी शाफ्ट काढून बॅलन्सिंगला पाठवणं नव्हे. बॅलन्स गेलेल्या शाफ्टची थरथर 47 ला आली असती, आणि तिथे काहीच दिसलेलं नाही. त्याऐवजी आधी बघायचं ते मागच्या धुरीचे बंप-स्टॉप, म्हणजे गचका झेलणारे रबर. सहा इंच खाली आलेल्या गाडीत धुरी आणि रबर यांच्यात बोटभर तरी जागा उरली आहे का? नसेल तर धुरी रबरावर टेकलेलीच चालते आणि पाटे असून नसल्यासारखे होतात, मग 94 काय, रस्त्यावरचा प्रत्येक खडा फ्रेममध्ये उतरतो.